पोलिक्सेनीबाईंची तीन मिनिटे

थेसालोनिकीच्या एका बालरुग्णालयात, दुसऱ्या मजल्याच्या अगदी टोकाला, चार खाटांची एक खोली होती. ज्यांना एखाद्या औषधाचे वावडे असावे असा संशय असे, ती मुले सकाळी आठ वाजता उपाशीपोटी तेथे येत आणि दुपारी चार वाजता निकालाचा कागद घेऊन घरी जात. त्या खोलीच्या परिचारिका पोलिक्सेनीबाई यांनी तेथे एकतीस वर्षे काढली. एवढ्या काळात त्या दोनदा उशिरा आल्या. एकदा भूकंपामुळे आणि एकदा नवरा वारला म्हणून. दोन्ही वेळा त्यांनी उशिराचे कारण स्वतःच्या हाताने हजेरीपुस्तकात लिहिले होते.

खोलीतील बहुतेक मुले ताप-दुखण्याच्या साध्या औषधांपायी आलेली असत. कधीतरी तापात आईने गोळी द्यावी, अंगावर पुरळ उठावे, पुरळ तापाचे असावे आणि बोल मात्र गोळीला लागावा, असा तो नेहमीचा प्रकार. मग मुलाच्या आरोग्यपुस्तिकेच्या पहिल्या पानावर कोणीतरी लाल अक्षरांत 'वावडे' असे लिहून ठेवी, आणि पुढे त्या मुलाचा हात मोडला, दात काढावा लागला, तरी ते अक्षर पाहून सगळे हात आखडते घेत. पोलिक्सेनीबाईंच्या मते दहांतली नऊ लाल अक्षरे भित्र्या आयांनी आणि घाईच्या डॉक्टरांनी लिहिलेली होती. चाचणी निर्दोष निघाली की त्या पट्टी ठेवून, निळ्या शाईने, त्या अक्षरांवर एक सरळ रेघ मारीत. ती रेघ मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मुलांशी बोलताना सहसा दिसत नसे. रडणारे मूल त्यांना आवडत नसे; रडण्याने श्वासाचे माप चुकते.

चाचणीची रीत त्यांनीच बसवली होती. पाच काचेचे पेले, पाचांत सारखेच नारिंगी रंगाचे गोड पाणी. पहिल्या दोनांत औषध नसेच. तिसऱ्यात मात्रेचा दहावा भाग, चौथ्यात त्याहून थोडे अधिक, पाचव्यात उरलेले सगळे. दर चाळीस मिनिटांनी एक पेला. कोणत्या पेल्यात काय आहे हे मुलाला ठाऊक नसे, घरच्यांनाही नसे. प्रत्येक पेल्यानंतर बाई ओठ पाहत, कोपराची आतली बाजू पाहत, मुलाला नळीत फुंकायला लावीत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मिनिटासह नोंद करीत.

एका फेब्रुवारीत त्या खोलीत स्मारो नावाची बारा वर्षांची मुलगी आली. वेरियाच्या सपाटीतल्या ज्या गावची ती होती, तेच पोलिक्सेनीबाईंचेही माहेर. तेथे माणसाच्या डोक्यापेक्षा पीचची झाडे अधिक. मुलीबरोबर तिची आजी थोमाई होती आणि बाप स्तेर्योस होता. आई तीन वर्षांपूर्वी कामासाठी जर्मनीला, श्टुटगार्टला गेली होती. ती परत आलेली नव्हती, आणि येणार नाही हे गावाने तिच्या नवऱ्याच्या आधी ओळखले होते.

"अगं पोलिक्सेनी, किती वाळलीस!" थोमाईने आत येताच म्हटले. "शहरात जेवायला घालत नाहीत वाटतं? बरं झालं तूच आहेस. हिचं हे नाटक एकदाचं निकालात काढ."

"नाटक कसलं, थोमाईकाकू?"

"महिन्याचं दुखायला लागलं की ही झोपून घेते. गोळी दिली तर म्हणे अंग सुजतं. दोनदा झालं म्हणे. दोन्ही वेळा ऐन ऑगस्टात, खुडणीच्या दिवसांत! हिवाळ्यात कधी अंग सुजत नाही हिचं. हिची आईसुद्धा अशीच. काम दिसलं की कंबर धरायची, आणि गाडी दिसली की पळत सुटायची."

स्तेर्योस खिडकीपाशी उभा राहून हातातली मण्यांची माळ बोटांवर उलटीसुलटी फिरवीत होता. मुलगी खाटेच्या कडेवर ताठ बसली होती. त्या दोन्ही वेळा थोमाईने आधी पाण्यात तेलाचे थेंब सोडून नातीची दृष्ट काढली होती आणि सूज उतरल्यावर तिला पुन्हा कामाला लावले होते. लाल अक्षर शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरने लिहिले होते. ते थोमाईच्या डोळ्यांत सलत होते, कारण त्याच्या जोरावर पोरगी दर महिन्याला दोन दिवस सुटत होती.

डॉक्टर व्हेनेतिस सिरोस बेटावरचे, वयाने तरुण, प्रश्नांत नेमके. त्यांनी विचारले, "त्या दोन्ही दिवशी हिने काय खाल्लं होतं?"

"काही नाही," थोमाई म्हणाली. "ऑगस्टचा पंधरवड्याचा उपास होता. आमच्या घरी पोरंसुद्धा पाळतात."

"अगदी काही नाही?"

"सकाळी शेडमध्ये गेली ती दुपारपर्यंत तिथेच होती. काय खाणार?"

डॉक्टरांनी पोलिक्सेनीबाईंकडे पाहिले. बाईंनी मान डोलावली आणि तक्त्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले: खाणे: काही नाही (उपवास).

चाचणी सुरू झाली. पहिला पेला झाला. दुसरा पेला झाला आणि दहाच मिनिटांत मुलगी दंड खाजवू लागली.

"सिस्टर, मला खाज येतेय."

"कुठे?"

"इथे. आणि मानेवर. सुरू झालं बघा."

पोलिक्सेनीबाईंनी दिवा जवळ आणला. कातडीवर नखांच्या तीन लाल रेघा होत्या. गांध एकही नव्हती. त्यांनी वेळ लिहिली आणि त्या म्हणाल्या, "हात मांडीवर ठेव. हलवायचे नाहीत."

उरलेले तीन पेले मुलीने डोळे घट्ट मिटून घेतले. चार वाजले. श्वास स्वच्छ, ओठ स्वच्छ, कातडी स्वच्छ. डॉक्टर सही करून दुसऱ्या मुलाकडे गेले आणि निकाल सांगायचे काम पोलिक्सेनीबाईंकडे आले. निकाल पूर्ण सांगावा, त्यातले काही गाळू नये, अशी त्यांची शिस्त होती. म्हणून त्यांनी तेही सांगितले.

"औषधाने हिला काहीही झालेलं नाही. खाज आली ती दुसऱ्या पेल्यानंतर. त्या पेल्यात औषध नव्हतं; साखरेचं पाणी होतं."

 थोमाईला जे हसू फुटले त्याने शेजारच्या खाटेवरचे मूल दचकून उठले.

"ऐकलंस, स्तेर्यो? पाण्याचं वावडं आहे तुझ्या राजकन्येला! आता हिची आंघोळ बंद!"

स्तेर्योसही हसला. आईपुढे लहानपणापासून हसत आला होता, तसा.

मुलीचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. सगळे दाराबाहेर पडल्यावर ती एकटी मागे वळली. "सिस्टर, मला भीती वाटली म्हणून खाजवलं मी. पण ते खरंच होतं. इथे नाही होत. शेडमध्ये होतं."

"औषधाला शेड आणि हॉस्पिटल यातला फरक कळत नाही, बाळ," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी निळी रेघ मारली. त्या वर्षातली ती अकरावी.

पुढे ऑगस्टात जे घडले ते त्यांना तुकड्यातुकड्यांनी कळले. काही मुलीकडून, काही गावातल्या मावसबहिणीकडून.

रुग्णालयाचा कागद थोमाईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून, फळे निवडण्याच्या शेडमध्ये, पाळ्यांच्या फळ्याशेजारी खिळ्याने ठोकून ठेवला होता. खाली पोलिक्सेनीबाईंची गोल, वळणदार सही. बायका येता-जाता तो वाचीत. मुलीला गावात 'पाण्याची स्मारो' असे नाव पडले. तिने नळाला तोंड लावले की कोणीतरी हमखास ओरडे, "अगं जपून! सुजशील!"

उपवासाचा तेरावा दिवस होता. सरकत्या पट्ट्यावरून पीच वाहत होते आणि दोन्ही बाजूंना बायका डागी फळे वेचून काढत होत्या. अकराच्या सुमारास स्मारो पोट धरून क्रेटवर बसली.

"आजी, मी जरा पडते. थोडाच वेळ."

"पडायचं कशाला? गोळी आहे ना." थोमाईने एप्रनच्या खिशातून गोळी काढून तिच्यापुढे धरली. "घे."

"ती नको. मी अशीच काम करते."

"अशीच नाही. घे म्हटलं ना? इथे, सगळ्यांसमोर. कागद आहे माझ्याकडे, सरकारी सही-शिक्क्याचा."

"आजी, पाया पडते तुझ्या."

"बघा गं बायांनो, गोळी खायला पाया पडतेय! आईने शिकवलंय सगळं, फक्त थांबायला तेवढं शिकवलं नाही."

मुलीने गोळी गिळली. पंधरा मिनिटांनी तिचे तळहात खाजू लागले. तिने ते क्रेटच्या लाकडावर घासले, तेव्हा पट्ट्यापलीकडची एक बाई म्हणाली, "पाणी उडालं वाटतं हिच्यावर," आणि दुसरीने पेला भरून खरोखरच तिच्या तोंडावर मारला. शेड हसली. मुलीच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. ती काहीतरी बोलत होती, पण आवाज घोगरा होऊन आतच राहिला. मग ती ओकली आणि पट्ट्यावर आडवी पडली. थोमाईची पहिली हाक पट्टा थांबवण्यासाठी होती, फळे खराब होत होती म्हणून. दुसरी हाक तिने मारली की नाही, याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नव्हते.

ट्रकमध्ये क्रेटच्या राशीवर टाकून मुलीला आरोग्यकेंद्रात नेले. तेथल्या नवख्या डॉक्टरणीने मांडीत ॲड्रेनलिन टोचले आणि पोरगी वाचली. तिसऱ्या दिवशी देखरेखीसाठी तिला थेसालोनिकीला आणले. पोलिक्सेनीबाईंच्याच खोलीत.

"तूच लिहून दिलं होतंस," थोमाई दारातूनच म्हणाली. "आता तूच निस्तर."

 मुलीकडे बघण्याऐवजी पोलिक्सेनीबाईंनी तिचे कपडे आवरायला घेतले, कारण कागदी पिशवीत ते बोळा करून कोंबलेले होते. ब्लाउजची घडी घातली, पायमोज्यांची जोडी लावली. एप्रन उचलला तर खिसा जड लागला. त्यांनी हात घातला. आत सात बाठे होते, पीचचे, चघळून कोरडे झालेले.

बाठे खिशात का, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. बाठा खाली पडला की पट्ट्याच्या रुळात अडकतो. म्हणून त्या गावात पोराने पीच खाल्ला की बाठा खिशात, हा नियम. त्यांच्या स्वतःच्या लहानपणीच्या प्रत्येक एप्रनच्या उजव्या खिशाला तपकिरी डाग होता, आणि आई तो राखेने घासायची.

"हे कधी खाल्लेस?" त्यांनी विचारले.

"काय?" मुलीचे डोळे अजून पुरते उघडत नव्हते.

"हे पीच."

"सकाळपासून. शेवटचा गोळीबरोबर. पाणी प्यायले असते तर परत हसल्या असत्या."

"मग आरोग्यकेंद्रात विचारलं, तेव्हा काही खाल्लं नाही असं का सांगितलंस?"

मुलगी गोंधळली. काय चुकले हे तिला खरोखरच कळत नव्हते. "नाहीच खाल्लं काही. उपास होता ना, सिस्टर."

पोलिक्सेनीबाई कपाटाकडे गेल्या. फेब्रुवारीचा तक्ता काढला. खाणे: काही नाही (उपवास). अक्षर त्यांचे, शाई त्यांची. डॉक्टर व्हेनेतिस यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता; उत्तराला मान डोलावली होती ती त्यांनी. पीचच्या गावात पीच खाणे हे खाण्यात धरत नाहीत, जसे श्वास घेणे कामात धरत नाहीत. सिरोसच्या माणसाला हे कळणे शक्य नव्हते. त्या खोलीत ते कळू शकेल असे एकच माणूस होते.

डॉक्टरांना त्यांनी बाठे दाखवले.  मग त्यांनी कपड्यांच्या घडीकडे पाहून सांगितले की असे असते. नुसता पीच अंगाला चालतो, नुसती गोळीही चालते, पण दोन्ही एकदम आत गेली की गोळी पीचला दार उघडून देते. त्यांनी मुलीच्या हातावर पीचच्या सालीचा रस ठेवून सुई टोचली. वीस मिनिटांत नाण्याएवढी गांध उठली.

"बास," डॉक्टर म्हणाले. "एवढा पुरावा मला पुरे आहे. पीच बंद. या जातीच्या गोळ्या बंद."

थोमाईला पुरे नव्हता. "सुई टोचली तर मलासुद्धा गांध येईल. चार पिढ्या आम्ही पीचवर जगलो, आणि आमच्या रक्ताला पीचचं वावडं?"

"आई, डॉक्टर म्हणतायत तर…" स्तेर्योस म्हणाला.

"तू गप्प बस. हिवाळ्यात म्हणाले, काही नाही. आता म्हणतात, आहे. नाताळात काय म्हणतील? या पोलिक्सेनीच्या सहीला आता कुत्रं तरी विचारेल का?"

त्या रात्री पोलिक्सेनीबाईंना झोप लागली नाही असे काही झाले नाही. त्या नेहमीच्या वेळी झोपल्या. पण सकाळी त्या आठाच्या आधीच मुलीच्या खाटेशी उभ्या होत्या.

"सिस्टर," मुलगी म्हणाली, "पुन्हा करा ना ते पेले. पीच देऊन."

"ते धोक्याचं आहे."

"चालेल. पण सगळ्यांसमोर करा. बाबांसमोर. बाबांनी बघायला हवं."

डॉक्टरांनी प्रथम साफ नकार दिला. पोलिक्सेनीबाईंनी तीन वेळा त्यांची गाठ घेतली. पुराव्याशिवाय लाल अक्षर लिहायचे नाही, ही आपली रीत आहे, असे त्या म्हणाल्या. घरचे मानणार नाहीत, पुढच्या ऑगस्टात पुन्हा गोळी देतील आणि तेव्हा ट्रक वेळेवर मिळेलच असे नाही, असेही म्हणाल्या; तेही खरे होते. आणखी एक गोष्ट होती ती त्या बोलल्या नाहीत. चुकीची मारलेली निळी रेघ त्यांना खोडायची होती, आणि त्यासाठी त्यांना त्या मुलीचे सुजलेले तोंड हवे होते.

अखेर ऑक्टोबरात दिवस ठरला. अटी डॉक्टरांच्या: अर्धाच पीच, सालीसकट, औषध पाव मात्रा, हाताच्या शिरेत सुई आधीच लावून ठेवायची, इंजेक्शन भरून ट्रेमध्ये. "आणि पहिली गांध उठली की त्या क्षणी मला हाक. एक मिनिटही थांबायचं नाही. कळलं ना, सिस्टर?"

"एकतीस वर्षं कळतंय," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या.

उशिराच्या जातीचा पीच थोमाईनेच आणला होता, शीतगृहातला, आपल्याच झाडाचा. "नीट बघून घे," ती नातीला म्हणाली. "नंतर म्हणशील दुसऱ्याचा होता." मुलीने अर्धा पीच खाल्ला, पेला प्यायली आणि दोन्ही हात समोरच्या मेजावर पालथे ठेवले. कोणी न सांगता. बोटे फाकलेली, नखे सगळ्यांना दिसतील अशी.

घड्याळ चालू होते. डॉक्टर शेजारच्या खोलीत होते, दार अर्धे उघडे. पाच मिनिटे झाली, दहा झाली. पंधराव्या मिनिटाला स्तेर्योसने माळ खिशात टाकली. "एक सिगारेट ओढून येतो. आलोच."

"जा, जा," थोमाई म्हणाली. "काही व्हायचं नाही."

मुलीने दाराकडे पाहिले. मग पुन्हा हातांकडे.

बाविसाव्या मिनिटाला डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला पहिली गांध उठली. फिकट, कडेने लाल, डाळीच्या दाण्याएवढी. पोलिक्सेनीबाईंनी ती पाहिली. तोंडातून हाक निघायला हवी होती.

"हे काय?" थोमाई पुढे वाकली. "खाजवलं असेल हिने."

"मी हात लावलेला नाही," मुलगी म्हणाली. "हात इथे आहेत."

"मघाशी लावला असशील. तू काय कमी आहेस?"

पोलिक्सेनीबाईंनी हाक मारली नाही. एका गांधीने ही म्हातारी मानणार नाही, हे त्यांना दिसत होते. दुसरी गांध उठली, तिसरी उठली, मग मोजण्यासारखे काही राहिले नाही. लाल डाग एकमेकांत मिसळत दंडावरून वर चढले. तेविसावे मिनिट. मुलीचे हात मेजावरून हलले नाहीत, फक्त बोटांची टोके पांढरी पडली. खाज किती असेल हे पोलिक्सेनीबाईंना नेमके ठाऊक होते. मोठी मुले अशा वेळी भिंतीला पाठ घासताना त्यांनी पाहिली होती. चोविसावे मिनिट. वरचा ओठ एका बाजूने उचलला गेला. मुलगी पुन्हापुन्हा दाराकडे बघत होती. डॉक्टरांना शोधत असेल, असे पोलिक्सेनीबाईंना वाटले, आणि तरीही त्या थोमाईच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ते तोंड हळूहळू मिटत होते.

"बघताय ना, काकू?" त्या म्हणाल्या.

 मुलीच्या घशातून शिट्टीसारखा आवाज आला. मग पोलिक्सेनीबाईंनी हाक मारली.

डॉक्टरांनी एका नजरेत मुलीचा दंड पाहिला, ओठ पाहिला आणि मांडीत सुई खुपसली. नंतर प्राणवायू, नंतर सुईवाटे औषधे. पाच-सात मिनिटांत मुलीचा श्वास सुरळीत झाला. मगच त्यांनी विचारले, "पहिली गांध किती वाजता?"

"पंचविसाव्या मिनिटाला, डॉक्टर."

ते त्यांनी तक्त्यातही तसेच लिहिले. एकतीस वर्षांतली ती त्यांची पहिली खोटी नोंद, आणि अक्षर नेहमीसारखेच सुवाच्य आले.

थोमाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मुलीचे हात अजून पालथेच होते. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "बरं. आहे तर आहे." थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "पण मग पीचच्या घरात हिला ठेवून करायचं काय? शेडमध्ये नको, बागेत नको. बसवून खायला घालू?"

एवढ्यात सिगारेटचा वास घेऊन स्तेर्योस आत आला. खाटेकडे पाहून तो दारातच थबकला. "काय झालं, आई?"

"काय व्हायचं? सुई लावून ठेवली होती, त्यातून काय काय सोडलं देवाला ठाऊक," थोमाई म्हणाली. "घरी गेल्यावर सांगते. आणि हिच्या आईचा पत्ता शोधून ठेव."

पोलिक्सेनीबाईंनी आरोग्यपुस्तिका उघडली. निळ्या रेघेखाली, पट्टी ठेवून, लाल शाईने दोन ओळी लिहिल्या: पीच, आणि गोळ्यांचे नाव. खाली तारीख घातली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलीला श्टुटगार्टला पाठवायचे ठरले. आईने तिकडून होकार कळवला होता, 'काही महिन्यांपुरता' असे म्हणून. मुलीजवळ ठेवायचे आणीबाणीच्या इंजेक्शनचे पेन उशिरा हाती आले, म्हणून पोलिक्सेनीबाई स्वतः सकाळी जर्मनीच्या बसपाशी गेल्या. मुलगी खिडकीजवळच्या जागेवर एकटीच बसली होती. बाप तिला बसवून, शेडचे काम आहे म्हणून, परत फिरला होता. तिच्या मांडीवर जाड काचेची बरणी होती, पाकातल्या पीचची.

"ही कशाला?" बाईंनी विचारले.

"आजीने दिलीय. आईसाठी. मी उघडणार नाही."

"इकडे दे. मी ठेवते."

"नको." मुलीने बरणीभोवती हात घट्ट केले. "आजीने स्वतःच्या हाताने भरलीय."

पोलिक्सेनीबाईंनी पेन दाखवले. टोपण कसे काढायचे, मांडीवर कुठे दाबायचे, दहापर्यंत मोजायचे. मुलीने ते एकदा बघूनच बिनचूक करून दाखवले. ड्रायव्हरने इंजिन सुरू केले.

"सिस्टर," मुलगी म्हणाली, "बाविसावं मिनिट होतं ना?"

पोलिक्सेनीबाईंचा हात आसनाच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला.

"मी पण घड्याळच बघत होते," मुलगी म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही."

"माझं चुकलं, स्मारो. तेव्हाच हाक मारायला हवी होती मी."

मुलीने मान हलवली, लहान मुलाला समजवावे तशी. "नाही हो. अजून थोडं थांबायला हवं होतं तुम्ही. बाबा वर येत होते, जिन्यातच होते."